रिह्यातला निळा रंग

मुळशीला लोक धरण बघायला जातात, भिजायला जातात, कुणा मित्राच्या फार्महाउसवर दोन दिवस पाय पसरायला जातात. मी गेले ती माझ्या व्याह्यांची लघवी तपासायला. हे असं धडधडीत लिहिलेलं माझ्या मुलीला, रश्मीला, अजिबात आवडणार नाही. पण ज्या कामासाठी गेले तेच झाकून ठेवलं तर मागे नुसता भात आणि डोंगर उरेल, आणि तो तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

मी अमरावतीची. तिथल्या एका कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. गेली काही वर्षं आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एक करड्या रंगाची भुकटी तयार करतो आहोत. शरीरात एन्झाइम जी कामं करतात त्यातलं एक काम ही भुकटी करते, म्हणून तिला नॅनोझाइम म्हणतात. एन्झाइमची नक्कल करणारे अतिसूक्ष्म कण. खऱ्या एन्झाइमचे लाड फार असतात बापा. फ्रिजमध्ये ठेवा, उन्हात नेऊ नका, लवकर संपवा. आमची भुकटी अमरावतीच्या मे महिन्यात खिडकीत ठेवली तरी कुरकुरत नाही, म्हणून तर तिला पिशवीत टाकून रेल्वेने नेता आलं. एका रंगहीन द्रावणात ती चिमूटभर टाकायची, वर पेरॉक्साइडचे थेंब सोडायचे, की थोड्या वेळात सगळं शाईसारखं निळं होतं. आणि त्या निळ्यात डोपामिन मिसळलं की निळा रंग विरून जातो. डोपामिन जितकं जास्त, तितका निळा कमी. डोळ्यांवर मी विसंबत नाही. माझ्याजवळ साबणाच्या वडीएवढी एक डबी आहे. तिच्यात एका बाजूला लाल दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा तुकडा आणि मध्ये नळी ठेवायची जागा. निळं पाणी लाल प्रकाश गिळतं. किती गिळला, त्याचा आकडा समोर येतो.

व्याह्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होता. या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडतं, आणि त्यावर जी गोळी देतात तिचं शरीरात गेल्यावर डोपामिन होतं. मेंदूपर्यंत पोचतं ते थोडं, पण लघवीत मात्र भरपूर उतरतं. म्हणजे गोळी पोटात जाते आहे की नाही, एवढं लघवी सांगू शकते. आजार बरा होईल की नाही हे ती सांगत नाही. आमच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी एकमेकींत अशा अडकल्या होत्या की सोडवता येईनात.

झालं होतं असं, की वर्षभर गोळ्या चालू होत्या, डोस वाढवला होता, आणि तरी माणूस दिवसेंदिवस ताठरत चालला होता. डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं, गोळ्या नेमाने पोटात जात नसतील तर आशा आहे. नीट द्या, हिंडायला लागतील. पण एवढा डोस खरंच जात असेल आणि तरीही फरक नसेल, तर हा नेहमीचा कंपवात नाही. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार आहे, आणि त्याला औषध नाही. सोमवारी पुन्हा दाखवायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात माझ्या विहीणबाईंना, सोनाबाईंना, खाटेखाली एक ओली गोळी सापडली.

त्या एका गोळीवर सगळ्या घराने आशा लावली. नवरा गोळ्या थुंकतो असं सिद्ध व्हावं, अशी बायकोची मनापासून इच्छा. त्यांना विचारलं तर ते 'घेतो की' एवढंच म्हणायचे. निळा रंग टिकला तर गोळी पोटात जात नाही, म्हणजे माणूस बरा होणार. निळा गेला तर संपलं. ही तपासणी अजून कुठल्या दवाखान्यात चालत नाही, हे मी रश्मीला फोनवर तीनदा बजावलं. ती म्हणाली, "आई, तू ये." मग काय, गेले.

बुधवार, हिंजवडीहून रिहे

रश्मी आणि जावई दत्ता हिंजवडीत एका उंच इमारतीत राहतात. खाली कंपन्यांच्या गाड्यांची रांग, वर बाल्कनीत तुळस. तिथून दत्ताचं गाव, मुळशीतलं रिहे, तासाभरावर, गर्दीत अडकलो नाही तर. घोटावडे फाटा सोडला आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. मार्गशीर्ष चालू होता. भाताची कापणी झालेली, खाचरांत नुसती धसकटं, आणि त्याच ओलीवर पावटा नि हरभरा पेरलेला. आमच्याकडे वऱ्हाडात शेत म्हणजे नजर पोचेल तिथवर काळं आणि सपाट. इथे शेत पायऱ्यापायऱ्यांचं, आणि प्रत्येक दोन शेतांनंतर एक मोठं फाटक, फाटकावर बंगल्याचं नाव, आत कुलूप. कुत्रा तेवढा राहायला असतो, दत्ता म्हणाला.

लग्नाला पाच वर्षं होऊन गेली आणि मी त्या घरी पहिल्यांदा जात होते. खरं सांगते, मला हे लग्न पसंत नव्हतं. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात माझी पोरगी, हे माझ्या घशाखाली उतरलं नव्हतं, आणि मी कामाची कारणं सांगत राहिले. याची मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

घर कौलारू, पुढे अंगण, अंगणात शेळ्या, ओसरीवर खाट. खाटेवर व्याही बसले होते. मला बघताच ते उठायला लागले. म्हणजे उठण्याची सुरुवात केली. हात खाटेच्या कडेला गेला, मग बराच वेळ काही झालं नाही, मग गुडघे हलले. दत्ता धरायला गेला तर त्यांनी मानेने नको म्हटलं. मी "बसा, बसा" म्हणत होते आणि मला कुणी मोजत नव्हतं. विहीण दारात आली आणि व्याही बसून राहिला, असं त्यांच्याकडे होत नाही. पुरते उभे राहिल्यावर त्यांनी टोपी सारखी केली आणि इतक्या बारीक आवाजात बोलले की रश्मीने मला परत सांगितलं, "इहीणबाई आल्या. बरं झालं."

सोनाबाई ठेंगण्या, काटक, हसऱ्या. ताटात तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, लसणाची चटणी आणि वर लिंबू. तांदळाची भाकरी इतकी मऊ असते हे मला ठाऊक नव्हतं. आमची ज्वारीची भाकर तिच्यापुढे अंमळ राकटच. पण मी लिंबू बघितलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. आंबटातलं जीवनसत्त्वसुद्धा तो निळा रंग घालवतं. मी फर्मान काढलं: व्याह्यांना लिंबू नाही, आवळा नाही, कोकम नाही. आणि माझा कुणावर भरवसा नसल्यामुळे टोपलीतली लिंबं, आवळे, लोणच्याची बरणी, सगळं उचलून दत्ताच्या गाडीत ठेवलं. तो उद्या पहाटेच कामावर जाताना घेऊन जाणार होता.

"इहीणबाई, लोनचं बी?" सोनाबाई म्हणाल्या.

"लोणचंसुद्धा."

"न्या बाई. ह्यांचं पाय चालू देत, मंग म्या जलमभर अळनी खाईन."

मग मी ती चूक केली. पिशवीतून पांढरी प्लास्टिकची बाटली काढली, सरळ ओसरीवर गेले आणि व्याह्यांच्या समोर धरली. तिथे त्यांचा धाकटा भाऊ धोंडिबाही बसला होता; मेंढरं घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणात उतरणार होता, भावाला भेटायला आला होता. मी वर्गात सांगते तसं खणखणीत सांगितलं, "व्याहीबुवा, उद्या सकाळची गोळी घेतल्यावर दोन तासांनी लघवी या बाटलीत, या खुणेपर्यंत. मग मला द्या." आयुष्यभर पोरांना बाटल्या वाटल्या, मला त्यात काही वाटलं नाही. व्याह्यांनी मान खाली घातली आणि मांडीवरचा टॉवेल ओढून घेतला. धोंडिबा दुसरीकडे बघायला लागला. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल, म्हणून मी परत सांगितलं, आणखी मोठ्याने.

गुरुवार

सकाळी धुकं इतकं की समोरची शेळी दिसेना, फक्त खोकला ऐकू यायचा. धोंडिबा लवकरच निघून गेला. त्याची मेंढरं गावाबाहेर थांबलेली होती, ताम्हिणीच्या घाटाने खाली जायची होती. मी आंघोळ करून आले तर बाटली ओसरीच्या कोनाड्यात, वर फडका झाकलेला, खुणेपर्यंत अगदी बरोबर भरलेली. मी खूष झाले.

मी ओसरीवरच पाट मांडला, त्यावर नळ्यांचा स्टँड. आधी स्वतःजवळचं शुद्ध डोपामिन एका नळीत टाकून बघितलं. निळा झरझर गेला. म्हणजे भुकटी प्रवासात मेली नव्हती. मग व्याह्यांचा नमुना पुष्कळ पातळ करून दुसऱ्या नळीत सोडला. सोनाबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. रश्मी दारात उभी. व्याही खाटेवर.

निळा रंग टिकला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तसाच. डबीत नळी ठेवली, आकडा तोच बोलला. मी परत केलं. परत तेच.

"गोळी पोटात जात नाहीये," मी म्हटलं.

सोनाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले आणि त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि जे काही बरसल्या ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "बारकं प्वार हाय का वो तुमी? गालात गोळी धरून ठिवताय? वरीस झालं, मला रडवलंसा, पोराला रडवलंसा, त्या इहीणबाईला कुटनं कुटं यावं लागलं! तोंड उघडा. उघडा म्हंते ना." आणि बोलता बोलता त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू, आणि शिव्या अस्सल. रश्मी मला मिठी मारून रडली. मीसुद्धा रडले. आमच्या भुकटीने आजवर काचेच्या नळ्यांपलीकडे कुणाचं काही भलं केलं नव्हतं, आणि आज एका बाईचा नवरा परत आणून दिला, असं मला वाटलं.

व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी मनात म्हटलं, सापडलात ना. इतकी मूर्ख मी.

शुक्रवार

दत्ताने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ठरलेला डोस समोर बसून द्या, सोमवारी घेऊन या. त्या दिवसापासून गोळी म्हणजे सोहळा झाला. सोनाबाई गोळी जिभेवर ठेवायच्या, पाणी पाजायच्या, मग बोट घालून गाल तपासायच्या, मग जीभ वर. व्याही मुकाट्याने सगळं करू द्यायचे.

मला काही काम नव्हतं, म्हणून मी गाव हिंडले. ओढ्याला अजून पाणी होतं. एका बांधावर बायका पावट्याच्या शेंगा तोडत होत्या. त्यांनी मला ओळख नसताना बोलावलं, बसवलं, कुठल्या म्हणून विचारलं. अमरावती म्हटल्यावर एकीने विचारलं, "तितं तांदूळ पिकतोय का?" नाही म्हटल्यावर तिला माझी खरोखर कीव आली आणि तिने माझ्या ओटीत दोन ओंजळी शेंगा टाकल्या. बोलता बोलता समोरच्या डोंगराकडे हात करून म्हणाली, त्या बाजूची निम्मी जमीन आता शहरातल्यांची हाय. तक्रार नव्हती त्यात. हवा कशी आहे सांगावं तसं सांगितलं.

घरी आले तर एका शेळीने माझ्या फिल्टर पेपरचं आख्खं पाकीट खाल्लं होतं. मी तिच्यावर ओरडले तर तिने उरलेला तुकडासुद्धा माझ्यासमोर चावून दाखवला. सोनाबाई हसून हसून खाली बसल्या. "तिला बी तपासायचं असंल काय तरी."

संध्याकाळी त्यांनी आणि रश्मीने व्याह्यांना दोन्ही बाजूंनी धरून अंगणात चालवलं. उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले, नेहमी चिकटतात तसे. मग एक पाऊल, मग अर्धं. "आज बरं पडतंय पाऊल," सोनाबाई म्हणाल्या. "काल ह्ये बी न्हवतं." आणि सांगू का, मलाही दिसलं. डोळ्यांवर विसंबत नाही म्हणणारी मी, कुणी विचारलं असतं तर शपथ घेतली असती की पाऊल कालच्यापेक्षा लांब पडतंय.

त्याच वेळी सोनाबाईंनी धोंडिबाला फोन लावला. व्याह्यांच्या वाटणीची मेंढरं तो खाली कोकणात विकून टाकणार होता, तसं सगळ्यांनी आधी ठरवलं होतं. सोनाबाई त्याला फोनवर ओरडून सांगत होत्या, "एक बी इकू नगंस. दोन म्हैन्यानं ह्ये येत्याल तुज्यासंगं."

व्याही खाटेवर बसून ते ऐकत होते.

शनिवार

दुपारी सोनाबाई शेतात शेंगा तोडायला गेल्या. रश्मी आत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. दत्ताला सुट्टी होती, तो मागे गोठ्यात. मी ओसरीवर पिशवी भरत होते, कारण रविवारी निघायचं होतं. व्याह्यांनी मला हाक मारली. पहिल्यांदा ती मला ऐकूच आली नाही.

"इहीणबाई."

मी पाट ओढून जवळ बसले. ते माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत होते. चेहऱ्यावर काही उमटत नाही त्यांच्या, आजाराने तो गुळगुळीत झाला आहे. म्हणून मला सगळं शब्दांतूनच घ्यावं लागलं.

"ते बाटलीतलं माजं न्हवतं."

"म्हणजे?"

"धोंड्याचं व्हतं. म्या त्याला म्हनलं, तू भर."

"काहून?" माझ्या तोंडून एकदम वऱ्हाडीच आलं. "असं का केलं तुम्ही?"

त्यांनी टोपी चाचपली. मग म्हणाले, "तुमी पोरीची आई. पयल्यांदा आमच्या दारात आलाव. तुमच्या हातात ते कसं द्यायचं. म्या कदी तुमच्यासमूर बिनटोपीचा बसलो न्हाई."

मी त्या माणसाला त्याच्या भावासमोर, त्याच्याच ओसरीवर, बाटलीवरची खूण दाखवत उभी राहिले होते. दोनदा सांगितलं होतं. मोठ्याने.

"मग ती ओली गोळी?"

"हातातनं पडली. हात थांबतुया व्हय." त्यांनी हात थोडा उचलून दाखवला. "वाकायला येत न्हाई. तितंच ऱ्हायली. पन दुसरी मागून घेतली. एक बी सोडली न्हाई म्या."

म्हणजे वर्षभर सगळ्या गोळ्या पोटात गेल्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. त्यांना याचा अर्थ माझ्याइतकाच कळत होता. गुरुवारी आम्ही गळ्यात पडून रडत होतो, तेव्हा त्या घरात एकट्या या माणसाला ठाऊक होतं की रडण्यासारखं काय आहे.

"गुरुवारीच का नाही सांगितलंत हो?"

"सांगनार व्हतो. तवर ही हसली." थांबून, श्वास गोळा करून ते म्हणाले, "आज नगं, उद्या सांगू म्हनलं. मंग मेंढरं इकू नगं म्हनाली धोंड्याला. आता त्यो माजी वाट बगत बसंल, त्याच्या जिवाला घोर नगं. सोमवारी त्या डाक्टरला बी खोटं सांगितल्यागत हुईल."

मी विचारलं, तुमच्या शब्दावर सोडून देऊ का? तपासायलाच हवं असं नाही. ते म्हणाले, "नगं. बगा एकडाव. मला बी बगायचंय." कसली आशा त्यांच्यात अजून शिल्लक होती, की त्यांना फक्त खात्री करायची होती, मला आजही सांगता येत नाही. मीही मनातल्या मनात देवाला म्हटलं, हा माणूस खोटं बोलत असू दे.

त्यांनी दत्ताला हाक मारली. दत्ताने त्यांना धरून मागे नेलं. आले तेव्हा बाटली त्यांच्याच हातात होती, रुमालात गुंडाळलेली. दत्ता देऊ करत होता, त्यांनी दिली नाही. स्वतः माझ्यापर्यंत आणली. हात इतका हलत होता की आतलं पाणी वाजत होतं. मी दोन्ही हात पुढे करून ती घेतली, आणि आजवर कुठल्याही विद्वानाच्या हातून काही घेताना मी इतकी वाकले नव्हते.

पाट, स्टँड, नळ्या. भुकटी टाकली, थेंब सोडले, निळं झालं. नमुना तेवढाच पातळ केला. नळीत सोडला.

काही सेकंदं लागली. निळा आधी वरून फिकट झाला, मग खालपर्यंत गेला, आणि नळीत साधं पाणी उरलं. डबीतला लाल प्रकाश आरपार निघाला. मी तीन वेळा केलं. नमुना आणखी पातळ करून केलं. आकड्यात काही फरक नाही. सोमवारी डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीने सगळं पुन्हा पाहिलं आणि त्यांनीही तेच सांगितलं, ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने वाट बघायला नको.

दत्ता भिंतीला टेकून उभा होता. त्याला मी काही समजावलं नाही, त्याला दिसत होतं. व्याह्यांनी मान हलवली, ठीक आहे म्हटल्यासारखी.

तेवढ्यात सोनाबाई आल्या, डोक्यावर शेंगांची पाटी. पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, आणि त्यांचं लक्ष नळ्यांकडे गेलं. एक निळी होती, तुलनेसाठी ठेवलेली. बाकीच्या पाण्यासारख्या.

"ह्ये कुनाचं?"

दत्ताने माझ्याकडे बघितलं. मग मीच सांगितलं. मला सांगणं भाग होतं, सगळं माझ्यामुळेच झालं होतं. बाटली धोंडिबाची होती, ही आजची यांची, गोळ्या सगळ्या पोटात जातायत, पहिल्यापासून जातायत. मी शिकवते तसं नाही सांगितलं. चाचरत सांगितलं.

सोनाबाई नळ्यांकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "म्या काल लिंबू दिलं व्हतं त्यास्नी."

घरात लिंबू नव्हतं. शेवटचं लिंबू मीच गाडीत ठेवलं होतं आणि गुरुवारी ते हिंजवडीला गेलं होतं. सोनाबाईंना हे माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. "दिलं व्हतं," त्या परत म्हणाल्या. "अर्दं. शेजारनं आनलं व्हतं. आंबटानं बी रंग जातुया म्हनलाव ना तुमी. तुमीच म्हनलाव." त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत होत्या, आणि माझ्या जिभेवर आलंही होतं, की असेल, लिंबानेच गेला असेल. एका शब्दाचं काम होतं.

"न्हाई गं," खाटेवरून आवाज आला. "न्हाई दिलंस."

सोनाबाई वळल्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पाठ दिसली. मग म्हणाल्या, "मंग तीन दिस म्या तुमास्नी येवड्या शिव्या घातल्या. त्या कशापायी ऐकून घेतल्यासा? म्हनायचं न्हाई का, गप बस म्हनून?"

शब्द तोंडात यायलाच व्याह्यांना वेळ लागतो.

"वरीसभर नुसती मऊ मऊ बोलतीयास," ते म्हणाले. "लई दिसांनी भांडलीस. बरं वाटत व्हतं."

सोनाबाई खाटेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. विहिणीसमोर त्या घरात बाई नवऱ्याच्या शेजारी बसत नाही, चार दिवसांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी त्यांचा हलणारा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. तरी तो हलतच होता.

मी नळ्या गोळा केल्या, धुवायला मागच्या दारी गेले, आणि तिथे पाण्याच्या टाकीपाशी बसून मोठ्याने रडले.